मणक्यांची माणसं

आमच्या घरात शिंगाची मूठ असलेली सुरी चालत नसे. कातड्याचा पट्टा चालत नसे, ढोलकी चालत नसे, चपला रबराच्याच. मुंबईच्या चुलत्यांनी एकदा अण्णांना हाडाच्या बटणांचा सदरा पाठवला, तर आईने ती सगळी बटणं उसवून प्लास्टिकची लावली आणि मगच तो त्यांच्या अंगावर चढला. अण्णा म्हणजे माझे वडील. पोलादपूरच्या अलीकडे हायवेवरून उतरून नदीच्या अंगाला गेलं की आमची बौद्धवाडी लागते. तिथून दोन गावं पलीकडच्या प्राथमिक शाळेत ते शिक्षक होते. दीक्षा घेतली तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटत होती. त्याच वर्षी वाडीने ठरवलं की गावातलं मेलेलं ढोर यापुढे ओढायचं नाही. मग गावाने वाडीचं दळण बंद केलं, विहिरीच्या वाटेवर काट्या टाकल्या, कुणाला कामाला बोलावलं नाही. हे सगळं मी भाकरीबरोबर ऐकत वाढले. ढोरं मरायची काही थांबली नाहीत. शेतकरी पहाटे तोंडाला फडकं बांधून आपलं ढोर आपणच ओढत नदीच्या वळणावर नेऊन टाकीत, आणि अण्णा ते बघायला मुद्दाम लवकर उठत. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. अण्णांनी हसत सांगाव्यात अशा गोष्टी फार थोड्या होत्या.

अशा घरात मला हाडांचा नाद लागला, याला काय म्हणावं? सुरुवात ताटातून झाली. दासगावकडची कोळीण आठवड्यातून दोनदा वाडीत यायची. ढोमा माशाच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात, चिंचोक्याएवढे, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने कोरल्यासारखे. आई ते चुलीत टाकायची, मी आधीच उचलायची. शिंगाळा माशाची कवटी सुकवली की तिच्यात हात पसरलेला माणूस दिसतो. कोंबडीच्या छातीचं हाड उलटं धरलं की होडी होते. आईची नि आत्याची गुंतवळ मी भांडीवालीला देऊ द्यायची नाही, वळून तिचे दोर करायची आणि होडीला बांधायची. आई वैतागायची, म्हणायची, केस सांभाळून ठेवू नयेत, कुणी काही करतं. तिची भीती तेवढीच होती. अण्णांनी त्या होड्या पाहिल्या होत्या आणि चालवून घेतल्या होत्या. त्यांचा हिशेब साफ होता: खाल्लेल्याचं हाड वेगळं, ओढलेल्याचं वेगळं.

आमच्या घरात आत्या होती. बायजा आत्या, अण्णांची थोरली बहीण. नवरा गिरणीत खपला तेव्हापासून ती आमच्याकडेच राहायला आली होती. अंगाने सुकटीसारखी, आवाजाने मात्र हायवेपर्यंत पोचणारी. कुळथाचं पिठलं तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही आणि शिव्याही कुणाला तशा जमायच्या नाहीत. नववीत असताना मी कुठूनतरी बकरीचा अख्खा जबडा आणला आणि मागच्या अंगणात डब्यात घालून उकळत बसले. आत्या गोठ्यातून आली, वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"उकळलंस होय गो शालन? घालवलंस. चरबी आत बसली त्याच्या. आता जल्मभर पिवळं ऱ्हायल नि घाम गाळल."

मी विचारलं, "तुला काय ठाऊक?"

ती इकडेतिकडे बघून खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाण्यात घालायचं, झाकायचं नि इसरायचं. वास आला तरी पाणी बदलायचं नाय. सगळं मांस पाणीच खातं. मग धुण्याच्या सोड्यात एक दिस, नि मग उनात. पण सरळ उनात नाय, ताडपत्रीखाली, नायतर तडकतं." त्या दिवशी मला कळलं की माझे आजोबा शिंगाच्या फण्या करायचे. नुसत्या फण्या नाही, तर मुठीवर मोर आणि पोपट कोरलेल्या. बाजारच्या दिवशी पार महाडपर्यंत त्यांना मागणी असायची. आत्या दहा-बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर बसून कानस चालवायची. अण्णांनी यातला एक शब्द मला कधी सांगितला नव्हता. आजोबा 'मजुरी करायचे' एवढंच मला माहीत होतं. शेवटची फणी कुठे आहे म्हणून विचारलं तर आत्या म्हणाली, "तुझ्या बापानं नदीत टाकली. मी डोकी इंचरत होते, हातातनं वढून नेली."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आमच्या गोठ्यामागे एक माठ झाकलेला असायचा आणि त्याचा वास शेळ्यांच्या नावावर खपायचा. आत्याने मला हाड वाचायला शिकवलं. कुठे भरीव, कुठे पोकळ, कानस कुठल्या अंगाने गेली की चुरा होतो, सुताराचा सामता किती दाबला की भोक पडतं आणि किती दाबला की चिरतं. बोटांनी चाचपून ती सांगायची, हे म्हाताऱ्या जनावराचं हाय, हे उपाशी मेलेलं. ती स्वतः मात्र कशालाच हात लावून काही करायची नाही. नुसतं दाखवायची. एकदाच मी पाठ फिरवून परत आले तर ती माझी कानस घेऊन बसली होती, जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरीसारखी. मला बघून तिने ती अशी टाकली की जणू चटका बसला. मी तेव्हा हसले होते. आज मला त्या हसण्याचा राग येतो.

दहावीच्या वर्षी नदीच्या वळणावर मला बैल सापडला. पुराने वाहून नेला नव्हता, गाळात अडकून राहिला होता, पाऊस आणि कोल्ही यांनी काम जवळजवळ पुरं केलेलं. मी पोत्यात घालून त्याचा कणा घरी आणला. (आज आणला असता तर वाडीच्या तोंडाशी पोचण्याआधी चार मोबाईल बाहेर आले असते आणि पोत्यात काय आहे हे विचारण्याआधी काय असणार ते ठरून गेलं असतं. आता मी फक्त माशांवर नि बकऱ्यांवर काम करते, तेसुद्धा पावती जपून ठेवून.) बैलाचे छातीमागचे मणके तेरा. प्रत्येकाला पाठीवर एक उंच काटा असतो. ते उभे केले की डोक्यावर काठी नाहीतर झेंडा धरलेला माणूस दिसतो. कमरेचे सहा, त्यांना दोन्ही बाजूंना पसरलेले हात असतात. मी त्यांना फारसं कोरलं नाही. नुसतं घासलं, तळ सपाट केला, कुठे मान किंचित वळवली. मग एका फळीवर त्यांना ओळीने उभं केलं, सगळे एका दिशेने चाललेले, आणि पुढे शेपटीचा एक बारका मणका, म्हणजे कुणाचं तरी कडेवरून उतरलेलं मूल. फळीच्या टोकाला मी काहीच ठेवलं नाही, फक्त लाकडावर निळा रंग दिला. आमच्या तालुक्यात माणसं ओळीने पाण्याकडे चाललेली दाखवली तर ती कुठली माणसं आणि कुठलं तळं, हे सांगावं लागत नाही.

अण्णांनी ते पाहिलं तेव्हा मी घरी नव्हते. एसटीतून उतरून आले तर ते मागच्या अंगणात उकिडवे बसलेले, चष्मा हातात. आमच्या घरात अण्णांच्या डोळ्यांत पाणी ही गोष्ट कुणी पाहिलेली नव्हती. ते म्हणाले, "हा पुढचा माणूस थांबलाय. का थांबलाय?"

मी म्हटलं, "मागच्यांसाठी."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "कशाचं केलंस गो हे?"

आता इथे खरं सांगायला हवं होतं. आत्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबलेला मला दिसला. मी म्हटलं, "प्लास्टरचं. ड्रॉइंगच्या सरांनी शाळेतलं दिलं." अण्णांनी जन्मात हाताळायचं नाही म्हणून ठरवलेली वस्तू, ती पांढरीशुभ्र समोर असतानाही त्यांना ओळखता आली नाही. ज्यांनी मिसरूड फुटायच्या आत गुरं ओढली त्यांना ती ओळखता यायला हवी होती, पण इतकी स्वच्छ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या रात्री जेवताना ते आईला म्हणाले की पोरीला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात घालायची. आमच्या घरातून कुणी असल्या शिक्षणाला जाईल, हे आदल्या दिवशीपर्यंत हसण्यावारी नेलेलं होतं. आत्याने माझ्या पानात वालाच्या बिरड्याचा दुसरा डाव घातला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

ड्रॉइंगचे सर महाडच्या शाळेत होते. त्यांनी मला बरंच दिलं, हे मी नाकारत नाही. रंग दिले, पुस्तकं दिली, कॉलेजचा अर्ज स्वतः मागवून घेतला. ते शाळेच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरवणार होते आणि त्याला त्याच कॉलेजातले एक मोठे चित्रकार येणार होते. त्यांनी शब्द टाकला की प्रवेश झालाच म्हणून समज, असं सर म्हणाले. माझी फळी त्यांनी मधल्या टेबलावर ठेवून घेतली. मी खाली चिठ्ठी लावली होती, 'पाण्याकडे'. मणके कशाचे आहेत, कुठून आणले, कुणी शिकवलं, सगळं त्यांनी विचारून घेतलं होतं आणि मी मूर्खासारखं सगळं सांगितलं होतं, आजोबांच्या फण्यांसकट. अण्णांना कळू देऊ नका, एवढं मात्र सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. अण्णांची आणि सरांची गाठ पडेल असं वाटलंच नव्हतं. अण्णा शाळेत कधी येत नसत.

पण ते आले. अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, अर्ज घडी करून वरच्या खिशात. तो त्यांनी घरी भरून ठेवला होता. त्यांचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं. फक्त सही राहिली होती, ती सरांच्या समोर करायची अशी त्यांची हौस. मी टेबलामागे उभी होते. माझी चिठ्ठी काढून टाकलेली होती आणि तिच्या जागी पांढऱ्या पुठ्ठ्यावर सरांच्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'अस्थिशिल्प. मृत जनावरे ओढणाऱ्या समाजाची पारंपरिक हस्तकला.'

मी तो पुठ्ठा वाचला होता. अण्णा यायच्या तासभर आधी वाचला होता, आणि काढला नव्हता. हे मी इतकी वर्षं सांगताना गाळत आले.

पाहुणे आले ते सरळ माझ्या टेबलाशी. एक मणका उचलून उजेडाकडे धरला, बोट फिरवलं, वा म्हणाले. भला माणूस असावा. मला म्हणाले, "हे तुमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय ना? म्हणजे हे हातातच असतं तुम्हा लोकांच्या." त्यांच्या मागे सर उभे होते आणि मला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण. सरांच्या मागे अण्णा होते. ते पुठ्ठा वाचत होते. शाळेत पोरांची पाटी तपासताना ओळीखालून बोट फिरवायची त्यांना सवय होती, तसंच बोट फिरवत ते वाचत होते, आणि 'ओढणाऱ्या'पाशी बोट थांबलं होतं. मला ते दिसत होतं. मला म्हणता आलं असतं, माझे वडील शिक्षक आहेत. मला म्हणता आलं असतं, हे मी केलंय, समाजाने नाही. फण्यांचं सांगता आलं असतं, पण ते माझ्या शब्दांत, माझ्या आजोबांचं नाव घेऊन.

मी म्हटलं, "हो सर."

अण्णा ओरडले नाहीत. ते पुढे आले, पाहुण्यांना हात जोडले, आणि सरांकडे पेन मागितलं. सरांनी दिलं. अण्णांनी खिशातला अर्ज काढून मणक्यांच्या शेजारी टेबलावर उलगडला. 'पालकाचा व्यवसाय' या शब्दांपुढे त्यांनी घरून लिहून आणलं होतं, प्राथमिक शिक्षक. ते एका सरळ रेघेने खोडलं आणि वर त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, मेलेली ढोरे ओढणे. मग खाली सही केली. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. अर्ज माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. आता पुठ्ठ्याशी जुळलं."

ते एकटेच एसटीने घरी गेले. मी मागच्या गाडीने गेले. घरात शिरले तेव्हा बोलणं अर्ध्यावर आलेलं होतं. आत्या चुलीपुढून उठून उभी राहिली होती.

"पोरीवर कशाला डाफरतंस? मी शिकवलं तिला. माठ माझा, सोडा माझा."

अण्णा म्हणाले, "तू? आक्का, आपण शपथ घेतली होती. तू माझ्या बाजूला उभी होतीस."

"व्हते. वढणार नाय म्हनून शपथ घेतली, नि वढलं का मी? पर हे हात हायत रे भावड्या. बापानं शिकवलेलं हातात हाय. ते कुटं उतरवून ठेवू? तू फणी टाकलीस नदीत, माझी बोटं पण टाकायची व्हतीस."

अण्णांनी गोठ्यामागचा माठ उचलून नेला आणि रस्त्यावर नेऊन फोडला. तो वास दोन दिवस वाडीभर होता, आणि वाडीला कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून आत्या आणि अण्णा एकमेकांशी मोजकं बोलू लागले, आणि ते मोजकं बोलणं आत्या गेली तोवर मोजकंच राहिलं. मी तिला कुणाच्याही पुढे गुरू म्हटलं नाही. आता म्हणते, मुलाखती घेणाऱ्या मुलींना सांगते, आणि त्या मान डोलावत लिहून घेतात. मागच्याच महिन्यात मुंबईहून एकीचा फोन आला. तिला माझं काम एका मोठ्या प्रदर्शनात हवं होतं आणि सोबत माझ्या समाजाच्या परंपरेविषयी चार ओळी. पुठ्ठा बदललाय, आता त्यावर इंग्रजीत लिहितात, एवढंच.

अण्णांना वाटलं होतं की तो अर्ज मी कुठे दाखवणार नाही. तसा अर्ज कोण देईल? मलाही पहिले तीन दिवस तसंच वाटलं. दुसरा अर्ज मागवायला वेळ नव्हता, मुदत संपत आली होती, आणि सरांना तोंड दाखवायची माझी तयारी नव्हती. एकोणीस मणके नि ते मूल पाहुण्यांनी आठवण म्हणून मागून नेले होते. माझ्याजवळ काही उरलं नव्हतं, तो कागद सोडून. चौथ्या दिवशी मी महाडच्या पोस्टात गेले आणि तो जसाच्या तसा पाकिटात घालून पाठवला. खोडाखोड, वरचे शब्द, सही, सगळ्यासकट. काउंटरवर वजन झाल्यावर तिकिटं मीच चिकटवली, हेही लिहून ठेवते.

कॉलेजचं पत्र आलं ते सकाळी, अण्णा शाळेला निघत असताना. पोस्टमनने त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, प्रवेश झाल्याचं. आई देवळीतून साखर काढायला वळली होती, तिला थांबवून ते मला म्हणाले, "कुठला अर्ज दिलास?"

"तोच."

त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"सरांनी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं," ते म्हणाले. "तो संध्याकाळी उतरला असता. मी रागात लिहिलं, ते तू फाडलं असतंस तर संपलं असतं. तू ते पोस्टाने पोचवलंस. आता ते तिथे दप्तरात राहणार, माझ्या सहीनं."

मग त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं, छत्री घेतली आणि ते गेले. पहिली-दुसरीचा वर्ग होता त्यांच्याकडे, हजेरी घ्यायची होती. त्यानंतर ते अठरा वर्षं जगले, माझ्या फीला कधी नाही म्हणाले नाहीत, पण मी केलेली एकही वस्तू त्यांनी पुन्हा पाहिली नाही. मी दारात उभी राहून त्यांना पायवाटेने उतरताना बघत होते. वाईट वाटलं असं मी सगळ्यांना सांगत आले आहे, आणि ते नंतर वाटलंही. पण त्या क्षणी, ते नदीकडच्या वळणावर दिसेनासे झाले तोवर, मला नुसता आनंद झाला होता. मी जाणार होते.